सोपानरावांच्या ट्रॅक्टरची टकटक

चि. तहमीना हिस, वरवंडहून चांदमामूचा सलाम आणि पोटभर दुवा. फोनवर हल्ली तुझं बोलणं तुटक येतं (टॉवरची भानगड असणार), म्हणून पत्र लिहितो. तुझी मामी खुर्शिद खुशाल आहे, गॅरेज चालू आहे, गुडघा सोडला तर मीही ठणठणीत आहे. पुण्यात जेवण वेळेवर करतेस ना?

तू ज्यात ट्रॅक्टरचे आवाज भरलेस, तो फोनवरचा नांगरटीचा गेम आवाजासह आणि आवाजाशिवाय खेळून फरक कळवा म्हणालीस. पहिल्या दिवशी तू दिलेले हेडफोन लावले. इंजिन कण्हलं की मी गिअर उतरवायचो, स्क्रीनकडे बघायची गरजच नव्हती. बारा एकर सरळ ओळींनी नांगरलं. वळणावर मी खाटेवर कलंडत होतो आणि उजवा पाय ब्रेक शोधत होता (सापडला तो तांदळाचा डबा). इंजिनात टॅपेटची टकटक आली तेव्हा तर मी पाना घेऊन उठलो. हा आवाज तू इथल्या सोपानरावांच्या ट्रॅक्टरचा रेकॉर्ड करून नेला होतास ना? त्यांचा टॅपेट ढिला आहे.

दुसऱ्या दिवशी आवाज बंद केला आणि तीनदा कालव्यात गेलो. तिसऱ्या दिवशी हेडफोन काढले, फोनचा आवाज पुरता वाढवला, तरी गेम मुकाच. पुन्हा कालवा. तुम्ही लोक आवाज भरायला विसरलात म्हणून चिडलो होतो, तेवढ्यात शेजारच्या रतनबाई दारात येऊन हातवारे करू लागल्या. त्या काय म्हणाल्या ते मामीने कानाशी येऊन सांगितलं, "कुणाचा ट्रॅक्टर घरात घातलाय म्हंत्यात. नातवंड झोपंतनं उठलं." फोन बिघडलाय, असं सांगून मी वेळ मारून नेली. एकूण गेम उत्तम आहे.

ता. क. फोन बिघडलेला नाही. सोपानरावांचा ट्रॅक्टर गेल्या महिन्यात मीच कानाने तपासून ठीक म्हणून दिला होता. ती टकटक मला हेडफोनातच पहिल्यांदा ऐकू आली. लोक माझ्या कानाच्या भरवशावर गाड्या आणतात. हे कळलं तर गॅरेज बसेल, याची भीती वाटते. पुण्यात कानाचा डॉक्टर बघ. मामीला कळू देऊ नकोस (ती अलीकडे फार तापट झालीय, दिवसभर ओरडते). गेमच्या कामाला बोलावलंय म्हण.

आणखी ता. क. तहमीना, मी मामी. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडंच दिलं. दोन वर्षांत मी एकदाही ओरडले नाही गं, ह्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलते. मंगळवारची वेळ घे. मीही येते, डॉक्टर काय म्हणाले ते ह्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे.