सहाशे अठरा नंबरची शांत केबिन

शनिवार, ४ तारीख

आलो एकदाचे बोटीवर. लेकीने ही वही बॅगेत घालताना बजावलं होतं की आई, रोज लिही, नाहीतर परत आल्यावर तू फक्त काय काय जेवलात तेवढंच सांगशील. तर घे, आधी जेवणाचंच लिहिते. सूप कोमट, पाव ताजा, आणि सफरचंदाचा केक तुझ्या बाबांनी दोनदा मागून घेतला.

केबिन सापडायला अर्धा तास लागला. सहावा मजला, सहाशे अठरा. बाकी दारांवर पितळी आकडे आहेत. आमच्या दारावर स्क्रूची दोन भोकं आणि खडूने लिहिलेला नंबर. आत गेलो, दार लावलं आणि दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. बाहेर जत्रा भरल्यासारखी माणसं बॅगा ओढत होती, पोरं रडत होती, आणि दार लागताच कुणीतरी नळ बंद करावा तसं सगळं थांबलं.

ही केबिन मिळवायला मी बुकिंग ऑफिसातल्या मुलीचं डोकं खाल्लं होतं. तीन खेपा घातल्या. तीही बिचारी बोटीचा नकाशा पसरून मला शिकवत बसली. नाचघराच्या खाली नको, स्वयंपाकघराच्या वर नको. पोहण्याच्या तलावाखाली तर नकोच नको, उजाडायच्या आत वर खुर्च्या ओढायला लागतात. अगदी मागे इंजिन, अगदी पुढे नांगराची साखळी. लिफ्टपासून लांब हवी, शेजारच्या केबिनीत उघडणारं मधलं दार नको, आणि वर-खाली दोन्हीकडे झोपायच्याच खोल्या असलेल्या बऱ्या. पेन्सिलीने फुल्या मारत गेलो तर शेवटी एकच चौकोन उरला, आणि त्यात नंबरच छापलेला नव्हता. तिने फोन लावून विचारलं. पलीकडच्या माणसाने मजला दोनदा विचारून घेतला, मग म्हणाला, आहे रिकामी. मुलगी म्हणाली, काकू, तुमचं नशीबच थोर.

हा सगळा खटाटोप यांच्या कानांसाठी. छत्तीस वर्षं यंत्रमागांच्या धडधडाटात फिटर म्हणून काढली, आणि त्यातली शेवटची बक्षिसी म्हणजे कानातली शिट्टी. अठरा वर्षं झाली, किटली उकळत ठेवून कुणी उतरवायला विसरलंय अशी ती वाजते. दिवसा, रात्री, जेवताना, लेकीच्या लग्नात. तिच्यावर आवाज चढवून बोलायची सवय लागली, म्हणून कारखान्यात यांचं नाव ‘भोंगा’. मी एकतीस वर्षं नर्स. नुसत्या श्वासावरून कुठला पेशंट झोपलाय आणि कुठला झोपेचं सोंग घेतोय ते सांगायचे. पण घरातल्या माणसाचा एक कान मला बरा करता आला नाही.

असो. आठ दिवस नुसता आराम.

रविवार, ५

आज सकाळी यांनी खांद्याला धरून उठवलं. बघते तर पलंगाच्या कडेला बसलेले आणि डोळ्यांतून पाणी. मला आधी छातीत दुखतंय असंच वाटलं, सवयीने मनगट धरलं. तर म्हणाले, हळू आवाजात, किती वर्षांत हे असे हळू बोलले नव्हते, की थांबली गं. काय थांबली? तर म्हणाले, शिट्टी.

आम्ही दोघं म्हातारे लहान मुलांसारखे रडलो.

नाश्त्याला वर गेलो तेव्हा जेवणघराच्या दारातच यांनी कपाळ धरलं. शिट्टी परत आली होती, आणि पूर्वीपेक्षा दुप्पट. अंडी तशीच टाकून हे खाली निघून गेले. मी नाश्ता ताटात वाढून नेला. खोलीत पोचेपर्यंत स्वारी खुशीत. म्हणाले, मला इथेच राहू दे आठवडाभर, समुद्र तू बघ आणि मला येऊन सांग.

सोमवार, ६

समुद्र बघून आले, सांगितलं, यांनी मन लावून ऐकलं. बाहेर मात्र पाऊल टाकायला तयार नाहीत.

एक गंमत झाली. म्हणजे तेव्हा गंमतच वाटली. चहाचा कप माझ्या हातून न्हाणीघरात पडला. खाली गालिचा नाही, लाद्या आहेत. कपाचे चार तुकडे झाले आणि आवाज झाला नाही. मी चमचा टाकून बघितला. नाही. यांनी टाळ्या वाजवल्या, अगदी तळहात लाल होईपर्यंत. नाही. आम्ही पोट धरून हसलो. हसण्याचा तेवढा आवाज येत होता, पण शेजारच्या खोलीतून आल्यासारखा.

हे काल घोरलेही नाहीत. अडतीस वर्षांत पहिल्यांदा. मीही ढाराढूर झोपले. उगाच खोटं कशाला लिहू?

मंगळवार, ७

यांचा आवाज बसलाय. सकाळी वाटलं घसा धरला असेल, गरम पाणी दिलं. दुपारपर्यंत कान तोंडाला लावल्याशिवाय शब्द कळेना. यांना मात्र वाटतंय की आपण नीट बोलतोय. ओठ हलतात, भुवया हलतात, हातवारे जुनेच. गळ्यातून काही येत नाही.

केबिन आवरायला एक बाई येते. तीन दिवस तिचं वागणं मी बघतेय. दाराखाली घडी केलेला टॉवेल खुपसून ते उघडं ठेवते, दोन मिनिटांत उरकते, आणि चादर ओढतानासुद्धा एक पाय बाहेरच्या बोळात. आज तिला बोळात गाठलं. आधी सांगेना. मग बादलीकडे बघत म्हणाली, बाई, दार लावून बसू नका. त्यांना तर मुळीच बसू देऊ नका. मागच्या वर्षी दोन भाऊ आले होते. थोरला दिवसभर वर असायचा, धाकट्याला खोली फार आवडली.

मी विचारलं, मग?

म्हणाली, थोरला चालत उतरला. आणि बादली उचलून गेली.

मी आत येऊन यांना म्हटलं, चला, उठा, आपण दुसरी खोली मागू. यांनी मान हलवली. हाताला धरून ओढलं तर मला ढकललं. सगळ्या संसारात या माणसाने माझ्यावर हात उगारला नव्हता. लगेच कानकोंडे झाले. मग वही ओढून घेऊन हे लिहिलं. खालची ओळ यांची आहे.

*अठरा वर्षं गं. मला थोडं राहू दे.*

बुधवार, ८

सकाळी काउंटरवर गेले. तिथला तरुण अधिकारी फार गोड बोलतो. म्हणाला, बोट भरलेली आहे. आणि गोंगाटाची तक्रार रोज येते, शांततेची तक्रार घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच. मागचे दोन जण हसले. मीही हसले, दुसरं काय करणार?

मग डॉक्टरांना घेऊन आले. माणूस बरा वाटला. त्यांनी यांच्या छातीला नळी लावली. ऐकलं. नळीवर टिचकी मारली. परत लावली. पाठीला लावली. मग मनगट धरून घड्याळाकडे बघत बसले, आणि मी त्यांच्या तोंडाकडे. पेशंटची नाडी लागत नसली की डॉक्टर घड्याळावरची नजर काढत नाहीत, हे मला ठाऊक आहे. हे मात्र खुशाल बसून सफरचंद खात होते.

डॉक्टर घाईने बाहेर पडले. बोळात कपाळ पुसत म्हणाले, नळी बिघडलेली दिसते, चार वाजता यांना माझ्या खोलीत आणा.

ते गेल्यावर मी स्वतः बघितलं. मनगट, मान, जांघ. एकतीस वर्षं ही बोटं खोटं बोलली नाहीत.

काही नाही. एक ठोका नाही. अंग कोमट. आणि माझ्याकडे बघून हसतायत.

गुरुवार, ९

काल चार वाजता काय झालं ते लिहिते. कुणाला तरी सांगितलं पाहिजे.

हे माझ्यासाठी तयार झाले. स्वच्छ शर्ट घातला. दाराला लोखंडी उंबरठा आहे, बोटभर उंच. मी आधी बाहेर गेले आणि हात पुढे केला. यांनी उजवा हात माझ्या हातात दिला, उंबरठ्याच्या बाहेर.

हात माझ्या हातात मेला.

दुसरा शब्द नाही. जड झाला. नखं निळी, मग राखाडी. तो रंग मी ओळखते. कितीतरी मनगटांना नावाची चिठ्ठी बांधलीय मी. हे आतून माझ्याकडे बघत होते, डोळे जिवंत, तोंड उघडं, आणि कोपरापासून पुढे प्रेत. मी अंगातलं सगळं बळ लावून यांना आत लोटलं. मिनिटभराने बोटं गुलाबी झाली. हलली.

मग आम्ही एका करंगळीने परत करून बघितलं. तेच.

डॉक्टरांना निरोप दिला की यांना झोप लागलीय. दुसरं काय सांगू? की माझा नवरा खोलीत आहे तोवर आहे, आणि उंबरठ्यापलीकडे तो कधीचा गेलाय? कधी गेला? रविवारी, मी बाजूला ढाराढूर झोपले होते तेव्हा? सोमवारी, आम्ही हसत होतो तेव्हा? शेजारच्या माणसाचा श्वास थांबला आणि मला, मला कळलं नाही.

आत्ता दाराखालून कागद सरकला. शनिवारी सकाळी बोट धक्क्याला लागेल. दहा वाजेपर्यंत सर्वांनी केबिन रिकामी करावी.

शुक्रवार, १०

काउंटरवर गेले. पुढची फेरीही आम्ही इथेच राहतो म्हटलं. तो म्हणाला, ही खोली उद्यापासून बंद. भिंती काढून शेजारच्या खोलीत मिळवणार आहेत. मी हात जोडले. रडले. म्हटलं, हे आजारी आहेत, हलवता येत नाही. तर म्हणाला, काळजी करू नका काकू, दोन माणसं आणि स्ट्रेचर पाठवतो.

स्ट्रेचर.

यांना लिहून सांगितलं. यांनी वाचलं, वही मिटली, माझ्या केसांवरून हात फिरवला.

लेकीला फोन केला, वरच्या मजल्यावरून. ती सारखी म्हणत होती, आई, मोठ्याने बोल, ऐकू येत नाही. मी ओरडत होते. शेजारी उभा असलेला माणूस वळूनसुद्धा बघेना. ती म्हणाली, लाइन खराब आहे, उद्या धक्क्यावर भेटूच. बाबांना सांग मी येतेय.

खाली येताना आवरणारी बाई दिसली. हाक मारली. दोन पावलांवर होती. वळली नाही.

जिन्यावर माझ्याच चपलांचा आवाज

नाही.

शनिवार, ११ — सकाळ

आठ. बोट थांबली असावी. पाण्याच्या ग्लासातलं पाणी हलत नाहीये.

हे उठून तयार झालेत. कोट, बूट, केस विंचरलेले. माझी बॅग भरून दाराशी ठेवलीय. फक्त माझी. खुणेने सांगतायत, जा. मी नाही म्हटलं. मग यांनी लिहिलं—

*लेक खाली उभी असेल. तू उतर. मी आत आहे तोवर ठीक आहे.*

आणि दहाला? दहाला काय?

साडेआठ. आम्ही भांडलो. शब्दांशिवाय. भांडून दमलो आणि हात धरून बसलो.

नऊ. एक गोष्ट मी कालपासून करत नव्हते. आत्ता केली. दोन बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवली. घड्याळाचा काटा पूर्ण फिरू दिला. मग मानेवर. परत एक फेरा.

यांना सांगितलेलं नाही.

पण बाहेर मी काल चालले होते. बोलले. रडले, डोळ्यांना पाणी आलं. म्हणजे अजून— काल होते म्हणजे आज— माहीत नाही. बाहेर हात काढून बघायचा. एवढंच तर करायचंय. होत नाही.

पावणेदहा. दाराला खुर्ची लावली. पलंग ओढला. आवाज नाही, म्हणून स्ट्रेचरवाल्यांना कळणार नाही.

दार हलतंय. ठोकत असतील. काही ऐकू येत नाही, फक्त चौकट थरथरते. हे माझ्यापुढे उभे राहिलेत, पाठ माझ्याकडे. या वयात मला आडोसा करतायत.

दाराची मूठ फिरली. किल्ली आहे त्यांच्याकडे. खुर्ची सरकली. फट. वीतभर. एक हात आत आला. यांची बाही धरली. ओढतोय. अहो, नको— हे पाय रोवून— खांदा बाहेर गेला, खांदा लोंबला—

मी त्या माणसाचा हात सोडवते. उजव्याने लिहितेय. डावा घातला फटीतून. बाहेर गेला. मनगटापर्यंत.

फटीतून लेकीचा चेहरा. स्ट्रेचरवाल्यांबरोबर वर आलीय. तिने माझा हात धरलाय. तोंड उघडलंय, ओरडतेय काहीतरी. आणि मला तिची बोटं जाणव