तर्जनीवरच्या जळवा

१२ नोव्हें.
डाव्या हाताने लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. परवा बाइंडिंगच्या कारखान्यात कटिंग मशीनने उजवी तर्जनी उडवली. शेजारी काम करणाऱ्या शोभाने तुकडा पिशवीत घातला, पिशवी बर्फात. म्हणून परत जोडता आला. हात आत गेला की पातं थांबवणारा सेन्सर मालकांनी काढून ठेवलाय. डायऱ्या-कॅलेंडरांचा सीझन, काम हळू होतं म्हणे! किती वेळा सांगितलं होतं.

१३ नोव्हें.
बोट काळंनिळं, टम्म. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त आत जातंय, बाहेर पडत नाहीये. जळवा लावू या."
हे ओरडलेच, "अहो, कुठल्या काळात आहात आपण?"

१४ नोव्हें.
जळू लावलेली कळलीही नाही. बोटाला जाणीवच नाही. पोट भरलं की आपण होऊन गळून पडते. रक्त नंतरही झिरपत राहतं, तेच हवं असतं. सासरे खूश: "आमच्याकडं वैद्य गळवावर लावायचेच." बाई म्हणाल्या, आपल्याकडे फार जुना उपचार. युरोपात तर एकेकाळी ताप आला लाव जळू, डोकं दुखलं लाव जळू. अशक्त माणसं आणखी खचायची. मग डॉक्टरांनीच हसून टाकून दिल्या. बारीक शिरा जोडता यायला लागल्या तेव्हा पुन्हा आठवण झाली.
हे म्हणाले, "तुझा मालकही जळूच." म्हटलं, तिला नावं ठेवू नका. ती पोट भरल्यावर सोडते.

१७ नोव्हें.
बोट गुलाबी! मालक सफरचंदं घेऊन हजर. "वाचलं ना बोट, सुमनताई? मग आता तक्रारबिक्रार कशाला करताय? आणि हात तुम्हीच घातलात ना आत?" तिडीक गेली डोक्यात. पण आधी रडूच आलं, त्याचा जास्त राग. हे उलट त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले.

२० नोव्हें.
शोभाचा फोन. माझ्या मशीनवर आता ती. सेन्सर? "नाही लावला, ताई." काम थांबव म्हटलं. "मग घरी बसू का?"

२४ नोव्हें.
डिस्चार्ज. बोट वाकेल का? बाई "बघू" म्हणाल्या. रिक्षा कारखान्यावर घ्यायला लावली. हे म्हणाले, "वेडी आहेस का?" हो, आहे.
मेन स्विच डाव्या हाताने पाडला. मालक किंचाळले, "तमाशा नकोय इथे! शोभा, चालू कर." शोभा जागची हलली नाही. मी स्विचसमोरून हलले नाही. शेवटी दोघी बरोबरच बाहेर पडलो.
उद्या लेबर ऑफिसात तक्रार द्यायची. शोभा येते म्हणालीय. घरी दोन मुलं तिला, नवरा बसलेला. येईल?