दात दाबलेली गरी

आई, मी मासे धरायची गरी विकत घेतली. तुझ्यासारखा बांबू आणि तंगूसाचा दोर नाही. जोडायची हलकी काठी, चाकावर गुंडाळलेली जाड दोरी, आणि डबीत गरीवर कोंबड्याची पिसं बांधून केलेले खोटे किडे. गांडूळ लावायचंच नाही. पिसाचा किडा पाण्यावर टाकायचा आणि मासा फसतो का ते बघायचं. तू असतीस तर थुंकली असतीस. "पोट भरलं का असे धंदे सुचतात बायले," म्हणाली असतीस. हो, भरलंय पोट. मेहकरात एका दवाखान्यात नर्स आहे, पोरं मार्गाला लागली, आणि आता या वयात मला माझ्या हातानं एक मासा धरायचाय. एकच. तू माझ्या हातांबद्दल जे बोलून ठेवलंस, ते मला मरायच्या आत खोटं पाडायचंय.

मोबाईलवर एक माणूस नव्या लोकांना शिकवतो. सावकाश बोलतो, अंगावर येत नाही, तुझ्याहून बरा. म्हणतो, पहिल्यांदा भारी सामान घेऊ नका. ज्या नंबरची काठी त्याच नंबरची दोरी घ्या, कारण यात फेकायला लागणारं वजन गरीला नसतं, दोरीला असतं. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा, पायात न घसरणारे बूट, लांब बाह्यांचा मातकट शर्ट. मातकट का, तर भडक रंग दिसला की मासे पळतात. मावशीला भेटायला मोताळ्याला गेले होते, तिथल्या बाजारात खाकी शर्ट मागितला. दुकानदार म्हणाला, "साहेबाचं माप सांगा नं ताई." म्हटलं, "साहेब घरी झोपून राह्यले. माह्या मापाचा दे." शर्ट चांगला निघाला.

रंगाचं ऐकलं आणि मला तो पिवळा फराक आठवला. जयंतीला शिवलेला, एवढा एकच धड होता माझ्याकडे. बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी, म्हणून तू तलावावर जायचीस, आणि पलीकडे बाया धुणं धूत असायच्या. त्या दिवशी तू मला पहिल्यांदा सोबत नेलंस. मी आनंदानं फराक घालून आले आणि तू सगळ्यांदेखत थोबाडीत मारलीस. "काहाड तो फराक! मासे पयाले लागले माहे!" मी चड्डीवर चिखलात बसलेली आहे, दोन्ही हात छातीशी धरून, आणि तू माझ्या हातात दुसरी गरी देतेस. मासा लागतो. मी ओढते, दोर ढिला पडतो, मासा जातो. पुन्हा लागतो, पुन्हा जातो. बाया धुणं सोडून बघायला लागतात. तू त्यांच्याकडे तोंड करून म्हणतेस, "हिच्या हाताले मासा थांबत नाही वं. हिच्या हाताले काहीच थांबनार नाही." आणि तूच सगळ्यांच्या आधी हसतेस.

पोरीला चिडवायला बोललीस, असंही समजले असते. पण माझं पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हा खाटेशी उभी राहून तू तेच वाक्य पुन्हा म्हणालीस. सासूनं कानावर हात ठेवले. तू पिशवी उचललीस आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेलीस.

तुला वाटत असेल मला माहीत नव्हतं. त्या तलावाच्या दिवशीच घरी आल्यावर मी तुझी गरी आणि माझी गरी बोटानं चाचपून पाहिली होती. टोकाच्या आत उलटा दात असतो, मासा त्याच्यामुळे अडकून राहतो. तुझ्या गरीला दात होता. माझ्या गरीचा दात पकडीनं चेपलेला होता, पकडीचे ओरखडेसुद्धा ताजे होते. मी कुणाला बोलले नाही. पण तेव्हापासून तुझा राग करायला माझ्याकडे पक्कं कारण होतं, आणि ते मी जिवापाड सांभाळलं.

आता हा मोबाईलवाला काय सांगतो ऐक. म्हणतो, शिकाऊ माणसानं गरीचा दात आधी पकडीनं दाबून टाकावा. कुठं कानात, डोळ्यात घुसली तर अलगद निघते. अरे देवा! माझं तर डोकंच फिरलं. म्हणजे तू माझ्या डोळ्यांची काळजी केलीस म्हणायची? एवढ्या वर्षांचा राग वाया? तडक मावशीला फोन लावला. ती आता थकलीय, पण जीभ शाबूत आहे. म्हणाली, "कायचे डोये नं कायचं काय! अवं, घरी तिले कुत्रं इचारत नव्हतं. तलावावर तिचा मान होता. तुले मासा लागला असता तं बायांनी तुह्याकडं पाह्यलं असतं नं." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. ही माझी आई, ही मला ओळखू येते.

म्हणून मी त्या माणसाचं सगळं ऐकलं, एवढं एक ऐकलं नाही. दात तसाच ठेवला. मासेमारीच्या ठेकेदाराच्या माणसाला विचारून धरणावर गेले, टोपी, चष्मा, खाकी शर्ट, सगळा थाट करून. पहिल्याच झटक्याला दोरी मागून फिरून आली आणि पिसाचा किडा माझ्याच कानात. ज्या दवाखान्यात मी रोज लोकांना सुया टोचते तिथंच डॉक्टरांनी कान चिरून गरी काढली. हे म्हणाले, "बाजारात चिलापी मासा भेटते नं, कान कापाची काय गरज?" टाके पडले.

मग मुकाट्यानं पकड घेतली आणि सगळ्या गऱ्यांचे दात दाबले. पुढच्या सुट्टीला पुन्हा गेले. दुपारी चिलापी लागली. मोबाईलवाल्यानं सांगितलं होतं, दात नसला की एकच पथ्य, दोरी क्षणभरही ढिली सोडायची नाही. मी नाही सोडली. ती उड्या मारत होती, मी दोरी ताणून मागं सरत होते, आणि ती आली, आई. दाबलेल्या गरीवर आली. थांबली माझ्या हाताला.

दात माझ्या डोळ्यांसाठी दाबला असशील, चल, मानलं. मग 'दोर ताणून धर' एवढं सांगायला तुझं तोंड झिजत होतं का? एका वाक्यात माझा मासा थांबला असता. तुझ्याकडे ते वाक्य होतं, आणि तू दुसरं बोललीस. मासा मी सोडला नाही. धोंड्यावर आपटला, घरी नेला, तिखट लावून तळला आणि एकटीनं खाल्ला.

हे कुठं पाठवू? जिवंत होतीस तेव्हाही तुला अक्षर येत नव्हतं. दुसऱ्याकडून वाचून घेतलं असतंस आणि अर्ध्यात 'पुरे' म्हणाली असतीस. राहू दे माझ्याकडेच. एक सांगते, ते कुणाला सांगितलं नाही. मासा हातात फडफडत होता, काठावर चिटपाखरू नव्हतं, तरी मी मागं वळून पाहिलं. तू पाह्यलं का म्हणून.