वाफ्याची कड

ता. ३, मंगळवार

संताप! नुसता संताप! सकाळी फाटकाशी टेम्पो उभा. म्हटलं पत्ता चुकला असेल. तर आमची लेक आतून धावत – "माझंच आहे, माझंच आहे!" आहे काय, तर काळ्याकुट्ट प्लॅस्टिकच्या पट्टीच्या गुंडाळ्या आणि पोतंभर खुंट्या. वाफ्यांना कड लावायची म्हणे! हिरवळीचं गवत वाफ्यात घुसतं, ते अडवायला.

अगं, गवत उपटायला देवाने हात दिलेत की मला! आजवर उपटतेच आहे.

हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय. पुढच्या पानांत असल्या खर्चाला रकानाच नाही.

नवऱ्याचं घर सोडून माहेरी येऊन बसलीय, महिना होत आला. का आलीस विचारलं तर – "जमत नाही." बस्स. तेवढ्यावर माणसाने काय समजायचं? हात उगारतो? नाही. पितो? नाही. बाहेर काही? नाही. मग काय जमत नाही बाई तुला? तर खिडकीबाहेर बघत बसायचं. आणि आज एकदम प्लॅस्टिक!

ह्यांना सांगायला गेले. पेपर तोंडापुढून हलला नाही – "करू दे गं. काहीतरी करतेय ना."

लाडावून ठेवलीय ती ह्यांनीच.

ता. ४, बुधवार

माझे वाळत घातलेले कपडे अर्धे ओले असतानाच दोरीवरून काढले! का, तर अंगणभर ते काळे साप पसरायचेत. उन्हात तापल्याशिवाय पट्टी सरळ होत नाही. गुंडाळी सोडली की पुन्हा गोल वळून बसते.

"तुझ्यासारखीच," मी म्हटलं.

हसलीसुद्धा नाही.

शेजारीण कुंपणावरून – "लेक अजून इथेच का हो?" म्हटलं, "बागेचं काम काढलंय." खोटं नाही बोलले. तरी माळ घेऊन बसले तर मन लागेना. एका बाईच्या तोंडाला कुलूप घालाल, गावाच्या कसं घालणार?

ता. ५, गुरुवार

जावयांचा फोन. काय गोड माणूस! आधी माझे गुडघे विचारले, मग ह्यांची साखर. मग म्हणाले, "आई, तिला काही बोलू नका हं. माझंच कुठेतरी कमी पडलं असेल." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दिवा घेऊन शोधला तरी असा जावई मिळायचा नाही. रविवारी येतायत.

देवाला बोलले – हिला सुबुद्धी दे. ही आपल्या घरी गेली की वर्षभर एकवेळ जेवीन.

मग आत जाऊन तिला चांगली फैलावर घेतली. "एकदा चुकलं म्हण आणि मोकळी हो! जीभ झडते का?" पण झडतेच तिची जीभ. लहान असताना दुधाचं पातेलं उपडं केलं होतं. ह्यांनी कोपऱ्यात उभं केलं – चुकलं म्हण, मग जेव. दिवेलागण झाली, पोरीचे पाय लटपटायला लागले, पण ओठ मिटलेले ते मिटलेले! शेवटी ह्यांनीच हात टेकले. अशी ही हेकट. सासरी कसं व्हायचं?

ता. ७, शनिवार

सकाळपासून पोरगी चर खणतेय. पाण्याची नळी जमिनीवर टाकून तिच्या वळणाने रेघ आखली – गुलाबाला वळसा, शेवंतीला वळसा. चरात पट्टी उभी करायची, वरची कड गवताच्या बरोबरीने आणायची, मग खुंट्या ठोकायच्या. कशाने ठोकतेय? माझ्या कपडे धुवायच्या धोपाटण्याने! विचारलं? छे!

"सरळ लावली असतीस तर निम्म्या पट्टीत भागलं असतं!"

"सरळ नकोय मला."

तोंड बघा! चिखलाने गुडघे माखलेत, मान उन्हाने लाल, आणि ठोकता ठोकता गुणगुणतेय. नवरा तिकडे हाताने करून खातोय आणि ही गुणगुणतेय!

संध्याकाळी फुलं काढायला गेले तेव्हा पाहिलं. वाईट दिसत नाही. तिला सांगितलं नाही. डोक्यावर बसेल.

पट्ट्यांच्या खोक्याचा पुठ्ठा जपून ठेवलाय. फडताळात घालायला होईल.

ता. ८, रविवार

काय लिहू? अक्षर बघा कसं येतंय.

जावई आले. फळं आणली, ह्यांच्या पाया पडले. चहा झाल्यावर बाग बघायला गेले आणि हसले – "हे काय गं? वाफा झिंगलाय का?" आम्हीही हसलो. मी जरा जास्तच.

मग बाह्या दुमडल्या. "आई, तुम्ही बसा. सरळ करून देतो." आणि उपटायलाच लागले! तिने काल लावलेलं सगळं. मी म्हटलं, "अहो राहू द्या, बरी होती की." तर म्हणाले, "नाही हो आई. काम करायचं तर नीट करावं."

मी पायरीवर धान्य निवडत बसले, म्हणून दिसलं.

ते उकिडवे बसून ठोकत होते, ती मागे खुंट्या घेऊन उभी. मान न वळवता ते हात मागे करायचे. ती तळव्यावर खुंटी ठेवायची. पुन्हा हात. पुन्हा खुंटी. मध्येच तिचं लक्ष गुलाबाच्या उघड्या पडलेल्या मुळांकडे गेलं. हात रिकामा राहिला. त्यांनी हाक मारली नाही, वळून पाहिलं नाही. नुसता हात, तसाच उघडा. बोटं जरा हलली.

आणि आमची लेक म्हणाली, "चुकलं."

मला वाटलं, माझ्या कानांना काहीतरी झालंय.

मग खुंटी उलटी दिली गेली. "चुकलं." पुढची सुलटी दिली, वेळेवर दिली, काही म्हणजे काही चुकलं नव्हतं – तरी "चुकलं"! आणि ते, तोच फोनवरचा गोड आवाज – "असू दे गं."

ताटातलं धान्य तसंच राहिलं.

कोपऱ्यात उपाशी उभी राहिली, पण जो शब्द बापाला दिला नाही, तो हा माणूस एकेका खुंटीला घेतोय! कसा शिकवला असेल? किती दिवस लागले असतील? आवाज चढवला नाही, हात उगारला नाही... आणि मी हिला विचारत होते, मग जमत नाही ते काय!

जाताना वाफा पट्टीने आखल्यासारखा सरळ. गुलाबाची दोन झाडं कडेच्या बाहेर. "ती काढून टाका आई, रेषेत नाहीत." देवाची फुलं त्याच झाडांची असतात माझी!

"पुढच्या रविवारी न्यायला येतो." ती "बरं" म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कशाला बघेल?

ता. ९, सोमवार

नवस मागे घेतला. देवाला स्पष्ट सांगितलं – माझं ऐकू नकोस.

ह्यांना सगळं सांगितलं. पेपर खाली आला. म्हणाले, "दिवाळसणाला नाही, पण गेल्या वेळी दोघं आले तेव्हा मलाही वाटलं होतं काहीतरी." वाटलं होतं! मग तोंडाला काय टाके घातले होते? "तीच बोलली नाही, मी काय बोलणार?" – बाप म्हणे! आज पहिल्यांदा ह्यांचा चहा मी ओट्यावर ठेवून दिला. हवा असेल तर उठून घेतील.

ता. १०, मंगळवार

पहार घेतली आणि ती सरळ कड उपटून काढली. गुडघे गेले चुलीत! दोन खुंट्या मोडल्या, मोडू देत. गुलाब पुन्हा मातीत दाबले.

लेक दारात. "आई, काय करतेस हे?"

"गवत उपटतेय!"

ती पायऱ्या उतरली. मग पाण्याची नळी ओढत आणली आणि गुलाबाला वळसा घातला. ती ठोकायला बसली तशी मी खुंटी पुढे केली. घेतली नाही.

"खाली ठेव, आई. मी घेईन माझ्या हाताने."

ठेवली.

ता. १५, रविवार

गाडी आली. मी फाटकाला आतून कडी घातली आणि तिथेच उभी राहिले. "आज ती येत नाही."

"मग कधी, आई?" – गोड हसत.

मागे दुसऱ्या वाफ्याशी धोपाटणं चालू होतं. वाकडी लावतेय पोरगी. चांगली वाकडी!