रस्त्याच्या बाजूची खोली वगळून

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, शिक्षणाने इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर, व्यवसायाने जनसंपर्क सल्लागार, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि चहा गार होईपर्यंत विचार करून लिहीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. मरण्याचा तूर्त बेत नाही. घर झाले, कंपनी झाली, आता मृत्युपत्र करून टाक, असे माझ्या मावशीचे म्हणणे. ती वकील आहे आणि तिच्यापुढे कोणाचे काही चालत नाही.

ते आजच करण्याला दुसरेही कारण आहे. येथील दैनिकाच्या उपसंपादकांना राजधानीतील मोठ्या वृत्तपत्राने बोलावले आहे. जातो की नाही, हे त्यांनी उद्या कळवायचे आहे. परवा त्यांनी मला फोनवर विचारले, "थांबू का?" मी म्हणाले, "लेखी कळवते." ते अजून कळवलेले नाही. पुढे त्याचा उल्लेख येईल.

कलम १. घर. नव्या रिंग रोडवरील माझा फ्लॅट आईला द्यावा, रस्त्याच्या बाजूची खोली वगळून. (तिच्याबाबत कलम ५ पाहावे.) फ्लॅट घेतला तेव्हा समोर माळ होता. आता सिनेमागृह आहे, दवाखाना आहे, आणि त्यामागे क्रेन उभ्या आहेत. आईला क्रेन फार आवडतात. एखादी दिसली नाही तर ती मला ऑफिसात फोन करून विचारते, "अगं, ती पिवळी कुठे गेली?" मुलगी नक्की काय काम करते, असे नातेवाइकांनी विचारले की ती म्हणते, "ती लोकांना सांगते." "काय सांगते?" "जे असेल ते." माझ्या धंद्याची याहून चांगली व्याख्या मला जमलेली नाही.

कलम २. कंपनी. माझा हिस्सा माझे भागीदार भोंगा यांना द्यावा. हे त्यांचे टोपणनाव असून ते त्यांनी स्वतः मिरवलेले आहे. पूर्वी ते गाडीवर भोंगा लावून सेल, सर्कस आणि पाणी कधी येणार नाही हे गावभर सांगत. मी तेव्हा कारखान्यात होते. एका थंडीत आमच्या कूलिंग टॉवरवरची वाफ दूरवर दिसू लागली आणि नव्या वसाहतीत बोंब झाली की गॅस गळतोय. साहेबांनी बाहेरच्या एजन्सीकडून पानभर निवेदन लिहून घेतले. ते कोणी वाचले नाही. मी लिहिले: "ही वाफ आहे. थंडीत दिसते, उन्हाळ्यात दिसत नाही. खात्री करायची असेल तर फाटकावर या, दाखवतो." भोंग्यांनी ते गल्लोगल्ली सांगितले. लोक पोराबाळांना घेऊन आले, टॉवरपुढे फोटो काढून गेले. भोंगा म्हणाले, "ताई, आपण दोघांनी दुकान टाकू या." टाकले.

आमच्याकडे एक शिरस्ता आहे. ऑफिसातून बाहेर जाणारा प्रत्येक मजकूर आधी भोंगा मोठ्याने वाचतात. जिथे त्यांचा श्वास अडकतो तिथे वाक्य चुकले आहे, किंवा गिऱ्हाईक काहीतरी लपवते आहे, असे धरायचे. माझ्या पश्चातही हा शिरस्ता मोडू नये.

कलम ३. वीज तपासायचा माझा मल्टिमीटर मावशीला. तिच्या ऑफिसातील पंख्याचे बटण दाबले की दिवा लागतो. हे दुरुस्त करायला तिने मला आजवर हात लावू दिलेला नाही. पुरावा नष्ट होईल म्हणते.

कलम ४. जुने हिशेब. अमुक एका बिल्डरच्या माहितीपत्रकातून मी काढलेली सर्व विशेषणे त्यांना सन्मानाने परत करावीत. ते कळवळून म्हणाले होते, "मॅडम, निदान 'आलिशान' तरी ठेवा हो!" मी म्हणाले, "लिफ्ट बसवा, मग बोलू." त्यांनी बसवली. मी 'आलिशान' ठेवले नाही, 'लिफ्ट आहे' असे ठेवले. सगळी घरे विकली गेली. तेव्हापासून ते मला दर नव्या इमारतीच्या पायाभरणीला बोलावतात आणि भाषणात माझ्याकडे बघत जपून बोलतात.

कलम ५. रस्त्याच्या बाजूची खोली. ही उपसंपादकांना द्यावी.

खुलासा: कंपनी नवी असताना भोंग्यांनी घाईत एका गिऱ्हाईक कंपनीच्या बातमीचा कच्चा मसुदाच दैनिकाकडे पाठवला. त्यात अवतरणचिन्हांमध्ये लिहिले होते, "इथे साहेबांचे एखादे महान वाक्य टाकणे." पान छापायला जाण्याआधी एका अनोळखी माणसाचा फोन आला. "मॅडम, तुमच्या साहेबांचं महान वाक्य अजून पोचलेलं नाही. थांबू का?" मी म्हणाले, "लेखी कळवते." वाक्य पाठवले. ते म्हणाले, "हे तुम्ही लिहिलंय. साहेब इतके स्पष्ट बोलत नाहीत." त्यानंतर माझ्या प्रत्येक बातमीसाठी त्यांनी पान अडवून धरले आणि दर वेळी एक अनावश्यक शब्द काढला. तो खरोखरच अनावश्यक असे. याचा मला राग येत असे. आता येत नाही.

खोलीत मोठे टेबल मावते. उजेड डावीकडून येतो. ही तजवीज माझ्या मृत्यूनंतर लागू होईल, परंतु खोली रिकामीच असल्याने ताबा त्याआधी घेण्यास हरकत नाही.

आई, मावशी आणि भोंगा ऑफिसात टेबलाभोवती बसले आहेत; मी सांगितलेले हे कलम ऐकून आई म्हणाली, "हे सगळं मेल्यावर कशाला? जिवंतपणी बोलायला काय झालं?" मी मजकूर मावशीपुढे सरकवला.

मावशीने विचारले, "साक्षीदार कोण?"

"एक खालचे दंतवैद्य. दुसरे उपसंपादक. बाहेर बाकावर बसलेत, स्वतःचं पेन घेऊन."

"आणि कलम पाचात कोण आहे?"

मी पेनाचे टोपण काढले.

"एक तर साक्ष, नाही तर वाटा. दोन्ही चालत नाही, बाई. एक खोड."

साक्षीदारांमधून खोडायचे की कलमातून, याचा मी विचार करत होते. तेवढ्यात शिरस्त्याप्रमाणे भोंग्यांनी कलम पाच वाचायला घेतले. त्यांचा आवाज बंद दाराला जुमानत नाही. ते थेट शेवटपर्यंत गेले. श्वास कुठेही अडकला नाही.

बाहेरचा बाक करकरला. दारावर टकटक झाली. उपसंपादक डोके आत घालून म्हणाले, "'परंतु' अनावश्यक आहे."

'परंतु' मुद्दाम तसेच ठेवले आहे. खोडले ते दुसरेच; ते खाली दिसेल.

सही: (केली)

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरील दंतवैद्य. (सही)

साक्षीदार २: उपसंपादक. (नाव मी माझ्या हाताने खोडले आहे व खाडाखोडीवर सही केली आहे. कारण: वाटा.) त्यांच्याऐवजी समोरच्या झेरॉक्स दुकानाच्या मालकीणबाई. (सही, आणि हसू)

ठिकाण: आमच्या ऑफिसातील लांब टेबल.

दिनांक: आजचा, म्हणजे उद्याच्या आत.