पत्र्यांवरचा आळ

मसुरे, ता. मालवण
१० ऑगस्ट २०२५

चि. किशोरी हिला दादाचे आशीर्वाद.

‘इकडे सर्व क्षेम’ असं लिहायचा प्रघात आहे, म्हणून लिहिलं. फोन सोडून पत्र का, असं तू विचारशीलच. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि हे वाक्य अर्धं राहिलं तर मला ते बरंच वाटेल.

दिवाळीनंतरचं पत्र्यांचं काम रद्द केलंस म्हणे. म्हणजे पावसाची उघाडी पडली की सुशांतराव साठीतले गुडघे घेऊन वांदरांनी फोडलेली कौलं बदलायला चढणार. शाकारणीला येणारा गंगाराम तर आता शिडीला हातही लावत नाही. गेल्या वर्षी सुशांतराव पाय सरकून वाशाला लोंबकळले, तेव्हा ‘दादा, माझो जीवच गेलो रे’ म्हणून रडलीस ती तूच ना?

शास्त्राप्रमाणे पूर्वपक्ष आधी. पत्रे महाग. लोखंडी सांगाडा त्याहून महाग. चैत्रात घराचा तवा होतो; आतून छत घातलं तर निभावतं, पण तो खर्च वेगळा. खाऱ्या वाऱ्याने स्क्रू गंजतात. आता उत्तरपक्ष. दरवर्षीची शाकारणी संपते, गळती संपते, आणि वांदर वर नाचून नाचून कंटाळतात. आमच्याकडे पत्रे घातल्यापासून हा तिसरा पावसाळा चाललाय, एक थेंब आत नाही.

राहिला आवाज. त्याच कारणाने तू काम मोडलंस. ‘पत्र्यांच्या आवाजात आईची हाक दादाला ऐकू आली नाही. माझ्या घरात तसलं छप्पर नको.’

किशोरी, मला ती हाक ऐकू आली होती.

जुलैतल्या त्या दुपारी पाऊस अजून भुरभुरतच होता. मी माजघरात मोबाइल घेऊन बसलो होतो. एका श्लोकातल्या यतिभंगावरून कणकवलीच्या एका विद्वानाशी समूहावर वाद जुंपला होता. आईने हाक मारली, ‘रे, वायच पाणी दी रे.’ मी म्हटलं, ‘येतंय गो.’ स्पष्ट म्हटलं, तिलाही स्पष्ट ऐकू गेलं. मग म्हटलं, एवढं उत्तर टाकतो आणि उठतो. त्यावर त्याचं उत्तर आलं, त्यावर माझं. मधेच सर कोसळली, आणि त्यानंतर खरंच काही ऐकू येईना. आई वाट बघून बघून स्वतःच उठली. दीड तासाने मी आत गेलो तेव्हा ती दाराशी पडलेली होती. लोटा लवंडलेला. खुबा मोडलेला.

वाद मी जिंकला होता.

पत्र्यांचं ते कारण माझं नव्हे. इस्पितळात शेजारची सुगंधा माझ्यावर डाफरली, ‘मास्तरांनू, तुमी खंय होतात?’ मी तोंड उघडायच्या आत खाटेवरून आई म्हणाली, ‘त्या पत्र्यांखाली पावसात काय आयकाक येता गो? तेका कित्याक बोलतंस?’ मी मान खाली घातली. तुम्हाला ते दुःख वाटलं. मी ते वाटू दिलं. तेव्हापासून जो येईल त्याला आई हेच सांगते, आणि मी शेजारी बसून चहा गाळतो.

तिने मला एकदाही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हा रद्द केलेलं काम पुन्हा ठरव. आईने मला झाकायला सांगितलेल्या खोट्यावर विसंबून तू सुशांतरावांना कौलांवर चढवू नकोस. ते पडले तर तेही माझ्याच माथी येईल, आणि तिथे माझ्या वतीने बोलायला आई नसेल.

रविवारी ये. तुझ्यासमोर मी तिला सांगणार आहे की मी तिला ‘येतंय’ म्हटलं होतं. तिला ते ठाऊक आहे. मलाही आठवतं, हे मात्र तिला ठाऊक नाही. एकट्याने बोलायला तीन वेळा तिच्या खाटेपाशी गेलो, आणि तिन्ही वेळा उशी सारखी करून परतलो. तू नुसती बाजूला बस.

ओ देऊनही न आलेला,
तुझा दादा