निमोणेचा फुलफॉर्म

खुटबाव, ता. दौंड
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय आयुष,

सप्रेम जय भीम. मी इकडे बरी आहे. बानूमावशीचे गुडघे तिचं ऐकत नाहीत, तोंड मात्र शाबूत आहे. काल तिने तुझ्यासाठी बाजरीचं पीठ बाजूला काढून ठेवलं आणि मला विचारलं, "पोरगं कवा येनार हाय?" मी म्हटलं, साहेबांना सुट्टी मिळत नाही. साहेब हा शब्द ऐकून ती इतकी खूश झाली की पुढे काही बोलायचं मी टाळलं.

भांडगावच्या गोडाऊनमध्ये नोकरीला लागून मला तीन आठवडे झाले. हायवेला लागूनच आहे, मावशीकडून जाणं-येणं सोपं पडतं. माझ्या टेबलावर अजून नावाची पाटी नाही, पण काम ओळखीचं आहे.

तुझे अकरा मिस्ड कॉल दिसले. उचलले नाहीत, कारण फोनवर तू "लिसन ताई, लिसन" करतोस आणि लिसन मलाच करावं लागतं. कागद मध्ये बोलत नाही, म्हणून पत्र.

तुझा मेसेजही वाचला. गाडी उलटी भरली गेली, कस्टमरच्या गेटवर अख्खी रिकामी करावी लागली, "ताई, तुझ्या पद्धतीत नेमकं आधी काय भरायचं?" तुझ्या पद्धतीत! हे दोन शब्द मी चारदा वाचले. हेच ऑगस्टमध्ये ट्रेनिंगच्या हॉलमध्ये बोलायचं होतंस रे.

तुला आठवतं का, आबा टेंपो चालवायचे तेव्हा दौंडच्या बाजारातून तीन गावांचा माल आणायचे? खुटबाव, भांडगाव आणि शेवटी आपलं निमोणे. शेवटी उतरायचं ते सगळ्यात आत, म्हणून ते आधी चढवायचं. आबा ओरडायचे, "आधी निमोनं भरा रं!" तू तेव्हा पुढच्या सीटवर झोपलेला असायचास. पोती मी मोजत असायचे.

कंपनीत डिस्पॅचला लागल्यावर मी तेच केलं. शेवटी उतरणाऱ्या मालावर खडूने 'निमोणे' लिहायचं. लोडर बिहारचे, त्यांनी आपलं गाव कधी पाहिलेलं नाही, पण गाडी लागली की नवलकिशोर विचारायचा, "मॅडम, निमोणे पहले?" आठ वर्षांत एकही गाडी उलटी भरली गेली नाही.

तुझ्या एमबीएच्या प्रोजेक्टसाठी मीच आमच्या कंपनीच्या साहेबांच्या मागे लागले. दोन महिने तू माझ्या शेजारी स्टुलावर बसलास, माझ्या डब्यातली भाकरी खाल्लीस, वहीत सगळं उतरवून घेतलंस. मला काय कौतुक वाटायचं तुझं! जूनमध्ये तू तिथेच नोकरीला लागलास तेव्हा मी सगळ्या लाइनला पेढे वाटले.

मग ऑगस्टचं ते ट्रेनिंग. पडद्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत आपल्या गावाचं नाव आलं. माझे डोळे भरून आले, खरं सांगते. वाटलं, पोराने आबांचं नाव काढलं. आणि तू एकेक अक्षर फोडायला लागलास. न्यू इन्व्हेंटरी मूव्हमेंट ऑर्डर फॉर नेटवर्क एफिशियन्सी. खाली तुझं एकट्याचं नाव. मी तिसऱ्या रांगेत होते. शेजारचा फोर्कलिफ्टवाला मला म्हणाला, "ताई, हे तर आपलं निमोनंच हाय न्हवं?" तू माझ्याकडे न बघता विचारलंस, "एनी डाऊट्स?"

मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या, मीही वाजवल्या.

आता माझंही एक सांगते. पडद्यावरच्या तुझ्या गाडीच्या चित्रात निमोणेचा बाण दाराकडे होता. तो आतल्या बाजूला हवा. मला तो त्याच दिवशी दिसला होता आणि मी तोंड उघडलं नाही. जोवर मी जागेवर होते तोवर पोरं माझ्या खडूकडे बघून भरत होती, म्हणून तुझा बाण कुणाला नडला नाही. मी गेल्यावर नडणार हे मला ठाऊक होतं. त्या गाडीपायी नवलकिशोरची पाठ धरली असेल, त्याचं मला वाईट वाटतं. तुझं वाटत नाही. वाटावं म्हणून मी बरेच दिवस प्रयत्न केला.

पण आयुष, मी नोकरी सोडली ती त्या पडद्यासाठी नाही.

गेल्या वर्षी साहेब म्हणाले होते, "करुणाताई, डिस्पॅच मॅनेजरची जागा निघणार आहे. बी.कॉम. आहात, निदान एमबीएला नाव तरी घाला." मी घरून शिकायच्या कोर्सचा फॉर्म आणला, फोटो चिकटवला, सही केली. तू तो वाचलास आणि म्हणालास, "ताई, तुला कशाला डिग्री? तुझ्या हाताला कळतं ते तिथं कुणी शिकवत न्हाई." मला ते इतकं गोड लागलं की फॉर्म ट्रंकेत गेला आणि तारीख निघून गेली.

सप्टेंबरात ती जागा तुला मिळाली. मी साहेबांना विचारायला गेले. ते अवघडून म्हणाले, "आम्ही आयुषला विचारलं होतं. तो म्हणाला, ताईंना स्वतःलाच डिग्रीत इंटरेस्ट नाही."

मोठं व्हायला डिग्री लागते की नाही, मला अजून कळलेलं नाही. तुझ्याकडे ती आहे आणि गाडी उलटी भरली गेली. माझ्याकडे नाही आणि मी बाहेर आहे. पण माझ्या वतीने बोलायला त्यांनी माझा भाऊ निवडला आणि माझ्या भावाने ते सांगितलं, हे मला गिळता येत नाही. परक्याने केलं असतं तर मी त्याच्याशी भांडून तुझ्याकडे रडायला आले असते.

परवा मी तो फॉर्म पुन्हा भरला. यापुढे मला कशात इंटरेस्ट आहे ते मीच सांगेन.

आईला काही सांगितलेलं नाही. ती फोनवर विचारते, "दोघं बोलता का न्हाई गं?" मी बोलतो म्हणते. ते खोटं आता तू सांभाळ.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: आधी निमोणे. बाण आत फिरव. नवलकिशोरला म्हणावं, मॅडमनी सांगितलंय.

आजवर पत्राखाली नुसतं 'तुझी ताई' लिहीत आले. या वेळी फुलफॉर्म लिहिते.

करुणा म्हाळू ओव्हाळ
मु. पो. निमोणे, ता. शिरूर